वाटेतलं गाव

पुण्याहून नगरकडे सायकलनं निघालेला माणूस शिरूरला पोहोचला की त्याच्यापुढे दोन रस्ते असतात. सरळ जाणारा चौपदरी महामार्ग घोड नदी ओलांडून वाडेगव्हाण, सुपे करत नगर गाठतो. या रस्त्याला रुंद कडा आहे, दर थोड्या अंतरावर पेट्रोल पंप आहे, ढाबा आहे, एटीएम आहे. दुसरा रस्ता शिरूरमधूनच डावीकडे टाकळी हाजीला जातो आणि तिथून कुकडीच्या पात्रापाशी उतरतो. त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस आणि कांदा आहे, अधूनमधून बाभळी आहेत आणि बाभळीखाली टायर शोधत पडलेले काटे आहेत.

लांब पल्ल्याच्या सायकलिंगचे आपल्याकडचे कार्यक्रम बहुतेक वेळा पहिला रस्ता धरतात. मी दुसरा धरला, कारण मला पारनेर तालुका आडवा पाहायचा होता. निघोज, जवळा, पारनेर, कान्हूर पठार आणि शेवटी कल्याण-नगर महामार्गावरचं टाकळी ढोकेश्वर. अंतर फार नाही, चढ मात्र आहेत.

निघोजचे रांजणखळगे पाहिल्याशिवाय या वाटेनं पुढे जाता येत नाही. कुकडीच्या काळ्या बेसाल्टमध्ये पाण्याच्या भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे हजारो वर्षं गरगरत राहिले आणि त्यांनी खडकात खोल रांजण कोरले. काही इतके खोल, की कडेला उभं राहून तळ दिसत नाही. नदीचा एक काठ शिरूर तालुक्याचा, म्हणजे पुणे जिल्ह्याचा; दुसरा पारनेरचा. मळगंगेची मंदिरं दोन्ही काठांवर आहेत. जगातल्या कुठल्याही सायकल कार्यक्रमाला अशी जागा वाटेत मिळाली असती, तर तिथं शिक्का मारायचं टेबल नक्की मांडलं गेलं असतं.

रांजणखळग्यांच्या या कुंडावरून गावात आलं की चहाची टपरी लागते. हँडलला बांधलेली पिशवी, अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट, हे सगळं निरखून एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "पाव्हणं, पंढरपूरला का?" कार्तिकाचे दिवस होते. लांबून आलेला, दमलेला आणि तरीही पुढे निघालेला माणूस दिसला, की या भागात पहिला अंदाज वारीचाच असतो. माझ्या मते लांब पल्ल्याच्या सायकलिंगचा विचार करायला याहून चांगली सुरुवात नाही.

या खेळाला आपले सायकलस्वार 'बीआरएम' म्हणतात. त्याचा कायदा फ्रान्समध्ये लिहिला गेला आणि तो सगळ्या देशांत एकच आहे. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत. वाटेत ठरलेल्या ठिकाणी 'कंट्रोल' असतात. तिथं कार्डावर शिक्का घ्यायचा किंवा आपण तिथं होतो याचा दुसरा काही पुरावा द्यायचा. कंट्रोल ठरल्या वेळेनंतर बंद होतो. तो ठरल्या वेळेआधी उघडतही नाही, म्हणजे सुसाट पळून उपयोग नाही. पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक नसतात. साडेसात तासांत आलेला आणि तेरा तास पंचवीस मिनिटांत आलेला असे दोघेही एकाच यादीत बसतात. एका हंगामात ही चारही अंतरं पूर्ण करणाऱ्याला 'सुपर रँडोनर' म्हणतात. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर इथल्या सायकल गटांत 'एसआर झालास का?' हा प्रश्न पदवी विचारावी तशा आदरानं विचारला जातो.

या सगळ्याच्या मागे एक जुनी शर्यत आहे. १८९१ साली पिएर जिफार या पत्रकाराच्या कल्पनेतून 'ल पती झुर्नाल' या फ्रेंच दैनिकानं पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत यायची, सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत भरवली. शार्ल तेराँ ७१ तास २२ मिनिटांत परतला. सहा वर्षांनी, १८९७मध्ये, काही इटालियन सायकलस्वार रोमहून नेपल्सपर्यंतचं २३० किलोमीटरचं अंतर एका दिवसाच्या उजेडात कापून गेले. शर्यत नव्हे, हिंमत, असं त्या प्रकाराचं स्वरूप होतं. तेच वारं १९०४मध्ये फ्रान्समध्ये आलं आणि पॅरिसचा ऑडॅक्स क्लब उभा राहिला. १९२१पासून त्या क्लबनं 'आपापल्या वेगानं चला, पण वेळेत या' हा नियम रुजवला. व्यावसायिक शर्यतपटूंनी १९५१नंतर पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस सोडून दिली. हौशी लोकांनी ती धरून ठेवली. आता ती चार वर्षांतून एकदा होते, मर्यादा ९० तासांची असते आणि तिथं जायचं तर त्याच वर्षी चारही अंतरं पूर्ण केलेली असावी लागतात.

कायदा एक असला तरी त्याखालून जाणारी जमीन वेगळी, आणि खरा फरक तिथूनच सुरू होतो.

ब्रिटनी आणि नॉर्मंडीतल्या गावांना पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस आपलीच वाटते. ऑगस्टमधल्या त्या चार दिवसांत लोक घरासमोर टेबल मांडून बसतात. कॉफी, केक, पाण्याच्या बाटल्या, रात्री अंथरायला एखादी गादी. शेतकऱ्यांची मुलं रस्त्याच्या कडेला उभी राहून सायकलस्वारांच्या हाताला टाळी देतात. एका गावातलं कुटुंब वर्षानुवर्षं गरम क्रेप खाऊ घालतं आणि पैसे घेत नाही. आपापल्या गावाहून एक पोस्टकार्ड पाठवा, एवढंच त्यांचं मागणं असतं. पॅरिसजवळच्या एका मिठाईवाल्यानं १९१०मध्ये या शर्यतीसाठी चाकाच्या आकाराचं गोड पक्वान्न काढलं आणि आजही ते 'पारी-ब्रेस्त' या नावानं फ्रान्सभर विकलं जातं. खेळ गावाच्या अंगणात शिरला की तो स्वयंपाकघरातही शिरतो, याचा याहून चवदार पुरावा मला माहीत नाही.

भारतीय सायकलस्वार अलीकडे तिथं मोठ्या संख्येनं जातात. २०१९मध्ये तीनशेहून अधिक जण गेले आणि त्यांतल्या बहुतेकांना ९० तासांत परत येता आलं नाही. कारणं शिकण्यासारखी आहेत. समोरून वारा होता आणि रात्री पारा दहा अंशांच्या बराच खाली गेला होता. शिवाय मार्गावर एकही मोठा घाट नसून लहान-लहान चढ संपतच नाहीत. त्यांची बेरीज ११ हजार मीटरच्या वर जाते. चौपदरी रस्त्यावर, पहाटेच्या थंडाव्यात, सपाटीवर तयार झालेल्या पायांना हे नवीन होतं. जवळ्याहून पारनेरकडे येताना मला ते आठवत होतं. या तालुक्याचे रस्ते तसेच आहेत. एक ओढा, एक चढ, एक वस्ती, पुन्हा ओढा. ब्रेस्टला जायची तयारी करणाऱ्यानं महामार्ग सोडून इथं यावं असं मी मनापासून म्हणेन.

जपानमध्ये हेच कार्ड घेऊन निघालेला माणूस कुणाच्या अंगणात थांबत नाही. तिथं कंट्रोल म्हणजे चोवीस तास उघडं असणारं किरकोळ वस्तूंचं दुकान. आत जायचं, भाताचा गोळा किंवा गरम डबा घ्यायचा आणि बिलावर छापलेली वेळ हाच शिक्का. स्वयंसेवक लागत नाहीत, बोलावं लागत नाही, रात्री तीन वाजताही दिवा चालू. दिवे, चमकतं जाकीट, विमा यांबाबत तिथले आयोजक फार काटेकोर. आपल्याकडेही याच्याशी नातं सांगणारी युक्ती निघाली: रात्री सगळं बंद असलं की एटीएममधून पैसे काढायचे आणि ती पावती पुरावा म्हणून जपायची. शंभर रुपये काढण्यासाठी अपरात्री एटीएमसमोर सायकली टेकवून रांगेत उभी असलेली मंडळी ही भारतीय बीआरएमची अगदी आपली अशी आठवण आहे.

ब्रिटनमध्ये आणखी एक पद्धत दिसते. निर्मनुष्य ठिकाणी कंट्रोल असेल तर कार्डावर एक प्रश्न छापलेला असतो: इथल्या पाटीवर अमुक गावाचं अंतर किती लिहिलंय? उत्तर लिहायचं आणि पुढे जायचं. ते वाचण्यासाठी थांबावं लागतं आणि थांबलं की जागा दिसते. तिथलाच लंडन-एडिंबरा-लंडन हा सुमारे १५०० किलोमीटरचा कार्यक्रम १९८९पासून चालतो. वाटेतल्या शाळांमध्ये जेवण आणि झोपायची सोय असते, वाढपी म्हणून जुने सायकलस्वारच उभे राहतात. २०२५च्या ऑगस्टमध्ये फ्लोरिस वादळ आलं आणि तो मध्येच थांबवावा लागला. वर्षानुवर्षं तयारी करून आलेले लोक शाळांच्या सभागृहांत अडकले. निसर्गापुढे माघार घ्यायला आयोजकांना धाडस लागतं आणि ते त्यांनी दाखवलं.

एडिंबराचं नाव पारनेरला परकं नाही. पांडुरंग महादेव बापट, म्हणजे सेनापती बापट, यांचा जन्म पारनेरचा, १८८० सालचा. शिष्यवृत्ती मिळवून ते यंत्रशास्त्र शिकायला एडिंबराला गेले, पुढे लंडनच्या क्रांतिकारकांत मिसळले आणि पॅरिसला जाऊन बॉम्बची विद्या शिकून आले. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांना आज जी शहरं खुणावतात, ती या गावच्या मुलानं शंभराहून अधिक वर्षांपूर्वी वेगळ्या ध्यासानं पालथी घातली होती. त्यांच्या गावात थांबून पाणी प्यायलो तेव्हा ही गोष्ट मनातून जाईना.

स्वीडनमध्ये वेटर्न नावाच्या सरोवराला फेरी घालायची, सुमारे ३०० किलोमीटरची रपेट १९६६पासून होते. जूनमध्ये तिथं रात्र फारशी अंधारत नाही, म्हणून मोटाला गावातून गटागटानं माणसं संध्याकाळपासून पहाटेपर्यंत सुटत राहतात. वाटेतल्या थांब्यांवर ब्लूबेरीचं गरम सार, पाव, एका ठिकाणी तर मांसाचे गोळे आणि बटाट्याचा लगदा असं पूर्ण जेवण मिळतं. सायकल न चालवणारे शेजारीही त्या रात्री जागतात. नेदरलँड्सच्या फ्रिसलंड प्रांतात अकरा गावांना जोडणारी २३५ किलोमीटरची फेरी १९१२पासूनची. साध्या, घरच्या सायकलीवर आजी-आजोबा निघालेले तिथं दिसतात आणि प्रत्येक गावात कार्डावर शिक्का घेतात.

दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनची फेरी मात्र मागणीतून जन्मली. सायकलस्वारांना वेगळी वाट द्या, म्हणून १९७७मध्ये लोकांनी मोर्चासारखी सायकल फेरी काढली आणि पुढच्या वर्षीपासून दरवर्षीचा कार्यक्रम सुरू झाला. आता १०९ किलोमीटरच्या त्या वाटेवर तीस हजारांहून अधिक लोक उतरतात. २०१७ साली वाऱ्यानं सायकली हातातून हिसकावून घेतल्या आणि कार्यक्रम सुरू होता होता बंद करावा लागला.

वारा म्हटलं की पुन्हा पारनेर. सुप्याजवळच्या डोंगरांवर पवनचक्क्या उभ्या आहेत त्या उगाच नाहीत. पारनेरहून कान्हूर पठाराकडे चढताना झाडांचा आडोसा सरतो आणि वारा थेट अंगावर येतो. कान्हूर वाटाण्यासाठी ओळखलं जातं. मी गेलो तेव्हा वाटाण्याचा हंगाम सरला होता आणि शेतांत ज्वारी गुडघ्याला लागली होती. रस्त्याला वाहन विरळ. सायकलवर बसून एवढा मोकळा आकाशाचा तुकडा पाहायला मिळणं पुण्यापासून एका दिवसाच्या अंतरावर दुसरीकडे अवघड आहे.

या सगळ्यांत वारीच्या सगळ्यांत जवळ जाणारा कार्यक्रम मला अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला वाटतो. १९७३मध्ये तिथल्या 'द मॉइन रजिस्टर' या दैनिकाचे जॉन कॅरस आणि डोनाल्ड कॉल हे दोन लेखक राज्य आडवं पार करायला निघाले आणि त्यांनी वाचकांनाही बोलावलं. पन्नास वर्षांनंतरही जुलैमध्ये हजारो लोक पश्चिमेच्या मिसुरी नदीत मागचं चाक बुडवून निघतात आणि आठवडाभरानं मिसिसिपीत पुढचं चाक बुडवतात. मका आणि सोयाबीनच्या शेतांतून जाणारी ही वाट दरवर्षी बदलते, त्यामुळे दरवर्षी वेगळ्या लहान गावांना पाहुणे मिळतात. चर्चच्या अंगणात बायका 'पाय' नावाचा गोड पदार्थ घरी भाजून विकतात, त्या पैशांतून गावाचं एखादं काम होतं. मुक्कामाचं गाव कित्येक महिने आधीपासून तयारीला लागतं. गावाच्या वस्तीपेक्षा पाहुणे जास्त, अशी रात्र ते आनंदानं सोसतात.

हे वाचून नगर जिल्ह्यातल्या माणसाला काही नवल वाटणार नाही. त्र्यंबकेश्वरहून निघणारी संत निवृत्तिनाथांची पालखी दरवर्षी याच जिल्ह्यातून जाते. पारनेर तालुक्यातल्या पिंपळनेरला तुकोबांचे शिष्य निळोबाराय यांची समाधी आहे आणि तिथूनही पालखी पंढरीला निघते. पिठलं-भाकरी घेऊन वाटेवर उभं राहायला या गावांना कुणी शिकवावं लागलेलं नाही.

नाशिकच्या सायकलस्वारांनी ही गोष्ट ओळखली. पोलीस अधिकारी हरीश बैजल यांच्या पुढाकारानं गेल्या दशकाच्या सुरुवातीला तिथून पंढरपूरची सायकल वारी सुरू झाली. पहिला मुक्काम नगर, दुसरा टेंभुर्णी, तिसऱ्या दिवशी पंढरपूर. पहिल्या दिवशीच दीडशेच्या वर किलोमीटर होतात, म्हणजे अंतराच्या हिशेबानं ही गंमत नव्हे. तरी त्यात कॉलेजातली मुलं असतात, निवृत्त बँक कर्मचारी असतात, नऊवारी नेसलेल्या बायका असतात, गिअर नसलेल्या काळ्या सायकली असतात. पुढे पुणे, पिंपरी-चिंचवड आणि इतर शहरांतूनही अशा वाऱ्या निघू लागल्या. कंट्रोल नाही, कार्ड नाही, तासांची मर्यादा नाही. ज्याचं पंक्चर झालं त्याच्यासाठी मागचे थांबतात. अंगात सायकलची जर्सी आणि कपाळाला बुक्का, ही जोडी जगात दुसरीकडे सापडणार नाही.

आणि दुसऱ्या टोकाला आपलेच लोक आहेत. नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर भावांनी २०१५मध्ये दोघांच्या संघातून 'रेस अक्रॉस अमेरिका' नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. २०१७मध्ये लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकेकट्यानं, बारा दिवसांच्या मर्यादेत संपवली. समर्थांनी पुढच्या वर्षी सैबेरिया ओलांडणारी सुमारे नऊ हजार किलोमीटरची शर्यतही पार केली. २०१९मध्ये नवी मुंबईचे कबीर राचुरे त्याच अमेरिकन रस्त्यावर यशस्वी झाले. तिथं मागे गाडी असते, गाडीत खाणं, औषध, झोपेचा हिशेब ठेवणारी माणसं असतात. बीआरएममध्ये कंट्रोलखेरीज कुठंही अशी मदत घेतली तर बाद. पण समर्थ असोत की राचुरे, त्यांच्यामुळे गावोगावच्या तरुणांना ४०० किलोमीटर हा आकडा अशक्य वाटेनासा झाला, हे उपकार मोठे आहेत.

मग आपल्या बीआरएम पारनेरसारख्या तालुक्यांतून का जात नाहीत? आयोजकांची बाजू खरी आहे. महामार्गावर रात्री उजेड असतो, मोबाइलला रेंज असते, पंक्चरवाला सापडतो, अडचण आली तर गाडी पटकन पोहोचते. आतल्या रस्त्यांवर न रंगवलेले गतिरोधक असतात, अंधारात कुत्री मागे लागतात. उसाच्या हंगामात मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या महामार्गावरही असतात आणि आतही. फक्त महामार्गावर त्यांच्याशेजारून ट्रकही धावत असतो. मला हाच हिशेब उलटा वाटतो. दिवसाच्या उजेडातली २०० किलोमीटरची रपेट तरी आतल्या वाटेनं न्यायला काय हरकत आहे? साडेतेरा तास पुष्कळ असतात. सकाळी सहाला निघालेला माणूस सावकाश चालला तरी तालुक्यातली पाच-सहा गावं उन्हातच पार करतो.

यासाठी काही बांधावं लागत नाही. निघोजच्या कुंडावर ब्रिटिश पद्धतीचा एक प्रश्न पुरेल. पारनेरला एखाद्या शाळेत किंवा मंदिराच्या सभामंडपात शिक्क्याचं टेबल. पिंपळनेरला समाधिमंदिराजवळ पाणी. कान्हूरला बचत गटाच्या बायकांनी पिठलं-भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी विकली तर महामार्गावरच्या ढाब्याला जाणारे पैसे गावात राहतील. आयोवातल्या चर्चांनी केलं ते आपल्या गावाला जड नाही. आपले हंगामही सोयीचे आहेत. युरोपात हिवाळ्यात हे कार्यक्रम थंडावतात आणि आपल्याकडे दसऱ्यापासून फेब्रुवारीपर्यंत सायकलला याहून चांगली हवा नसते. नवा हंगाम १ नोव्हेंबरलाच सुरू होतो.

कान्हूरहून टाकळी ढोकेश्वरला उतरताना रस्ता मोकळा मिळाला. टाकळीच्या डोंगरात प्राचीन शैव लेणं आहे; पायऱ्या चढून वर गेलं की गाभाऱ्यात गारवा आणि बाहेर सगळं पठार. खाली कल्याण-नगर महामार्गावर मुंबईचे भाजीचे टेम्पो पळत होते. इथून डावीकडे गेलं की आणे घाट आणि पुढे माळशेज, उजवीकडे भाळवणीवरून नगर. नगरहून निघून भाळवणी, टाकळी, कान्हूर, पारनेर, पिंपळनेर, निघोज, शिरूर आणि महामार्गानं परत नगर अशी फेरी नकाशावर आखली, तर ती दोनशेला थोडी कमी पडते. उरलेले किलोमीटर भरून काढायला जामगाव आहे, महादजी शिंद्यांच्या वाड्यापर्यंत जाऊन यायचं.